नोंदणी क्रमांकाची मोकळी जागा

आमच्या घरातल्या बहुतेक वस्तूंवर १४०७ असं लिहिलेलं होतं. जेवणाच्या डब्यावर खिळ्याने कोरलेलं, छत्रीच्या दांड्यावर तेलरंगाने काढलेलं, टॉवेलच्या कोपऱ्यात आईने लाल दोऱ्याने भरलेलं. माजिवड्याच्या पुढे एका कारखान्यात माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, कामाला होते. तिथला हा त्यांचा टोकन नंबर. आंबिवलीहून रोज ठाण्याला जायचं, गेटवर पितळी बिल्ला दाखवायचा आणि आत शिरायचं, हे त्यांनी सव्वीस वर्षं केलं. "नंबर असला की माणूस गणतीत असतो," असं ते म्हणायचे. मला त्याचं हसू यायचं.

मी लॅब टेक्निशियन झाले. बारावीनंतर कोर्स केला आणि कल्याणच्या एका लॅबमध्ये लागले. पेशंटचं रक्त काढायचं, काचपट्टीवर थेंब पसरायचा, तो रंगवायचा, मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजायच्या, रिपोर्ट लिहायचा. हे सगळं मी करायचे, खाली सही मात्र डॉक्टरसाहेबांची. साहेब शनिवारी यायचे, चहा घ्यायचे आणि आठवडाभर पुरतील इतक्या कोऱ्या लेटरहेडवर तळाशी सह्या ठोकून जायचे. सोमवारपासून मी त्या सहीच्या वरची जागा भरायची. पहिल्यांदा तो गठ्ठा पाहिला तेव्हा मला वाटलं, साहेब विसरून गेले असतील. लॅबचे मालक म्हणाले, "सगळीकडे असंच चालतं."

मला राग लवकर येतो. एकदा एका दवाखान्यातून फोन आला. एका बाईंच्या रक्तात मी मलेरियाचे जंतू पाहिले होते, वाईट जातीचे, आणि रिपोर्टवर तसं लिहिलं होतं. पलीकडचे डॉक्टर विचारत होते, "नक्की का? साहेबांना फोन द्या." साहेब नव्हते. मंगळवार होता.

"मग ही स्लाईड कोणी पाहिली?"

खरं म्हणजे मी सांगायला हवं होतं की मी पाहिली, तीन वेळा पाहिली, माझा डोळा चुकलेला नाही. मालक समोर बसले होते. मी म्हटलं, "साहेबांनीच." पलीकडचे डॉक्टर लगेच "बरं, ठीक आहे" म्हणाले आणि बाईंना गोळ्या सुरू झाल्या. बाई बऱ्या झाल्या. पण फोन ठेवल्यावर माझे कान गरम झाले होते. माझ्या खरेपणाला दुसऱ्याचं नाव लावल्याशिवाय किंमत नव्हती, आणि ते लावून देणारीही मीच.

घरी येऊन मी आदळआपट केली. नर्सची कौन्सिल आहे, औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला नंबर आहे, आम्हाला काय आहे? मालकांचा मेहुणा चार महिने बाटल्या धुऊन सुई टोचायला शिकला आणि आता तोही स्वतःला टेक्निशियन म्हणवतो. त्याच्यात आणि माझ्यात फरक आहे हे कुठल्या कागदावर लिहिलंय? दादा जेवायचे थांबले. "म्हणजे तुम्हाला नंबरच नाय?" त्यांना हे खरोखरच माहीत नव्हतं. कोर्स झाला, नोकरी लागली, म्हणजे नंबर मिळाला असणार, असं ते धरून चालले होते.

त्याच सुमारास टेक्निशियन लोकांच्या संघटनेची सभा ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका शाळेच्या वर्गात भरली. आम्ही मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेलो. फळ्यापुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी सांगितलं की दिल्लीत कायदा होणार आहे. लॅबवाले, एक्स-रेवाले, ऑपरेशन थिएटरमधले, अँब्युलन्सवरचे, सगळ्यांचं मिळून देशभराचं रजिस्टर. शिकलेल्याचं नाव त्यात चढणार, न शिकलेल्याला सुईला हात लावता येणार नाही, आणि चूक केली तर नाव कापलं जाणार. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, कापायला आधी चढू तर दे." सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी मला खरंच वाटलं की हे होणार. फॉर्म वाटले, सर्टिफिकेटच्या ट्रू कॉप्या जोडायला सांगितल्या.

ट्रू कॉप्यांचं काम दादांनी अंगावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी शिक्का मारणारे सरकारी साहेबलोक भेटत नाहीत म्हणून त्यांनी रजा टाकली, रांगेत उभे राहिले आणि प्रत्येक कागदावर गोल शिक्का घेऊन आले. पुढच्या वर्षी फॉर्म बदलला. ते पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "दादा, जाऊ द्या." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने सर्टिफिकेट काढून दिलं.

एका संध्याकाळी त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. रबरी शिक्का. कल्याणात बनवून घेतलेला. माझं नाव, खाली "वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ", त्याखाली "नोंदणी क्र." आणि पुढे मोकळी जागा.

"शिक्केवाला विचारत होता, नंबर काय टाकू. मी बोललो, येतोय, जागा सोड. सहा आकडे मावतील एवढी सोडायला सांगितलेय. देशाचं रजिस्टर आहे, चारात कसं भागेल?"

पुढे कित्येक वर्षं ते विचारत राहिले, "नंबर आला गं?" आधी मी संघटनेचं पत्रक वाचून दाखवायचे: या अधिवेशनात येणार, पुढच्या अधिवेशनात येणार. मग पत्रकं यायची बंद झाली. सभेत बोललेले ते गृहस्थ गल्फला गेले असं कळलं. मालकांच्या मेहुण्याने डोंबिवलीत स्वतःची लॅब काढली, आणि तिथेही कोणीतरी साहेब शनिवारी येऊ लागले. मी शिक्का टेबलाच्या खणात टाकला. एक दिवस दादांनी विचारलं तेव्हा मी खेकसले, "येणार नाही तो, कळतंय का? कोणाला पडलेली नाही." त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. मी तेव्हा जे बोलले ते आजही विसरलेले नाही, हे सांगताना लाज वाटते.

नव्वद साल उलटून गेल्यावर कारखाना बंद पडला. गेटला कुलूप लागलं. दादांनी बिल्ला परत करायला नेला, तर घ्यायला कोणी नव्हतं. तो घरी खिळ्याला लटकत राहिला.

दोन-तीन वर्षांनी ते थकल्यासारखे वागू लागले. हिरड्यांतून रक्त यायचं, अंगावर निळे डाग दिसायचे. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. दादा म्हणाले, "दुसऱ्या कोणाकडे नाय जाणार. तूच काढ." मीच काढलं. मीच काचपट्टी रंगवली. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि पहिल्याच नजरेत कळलं. जिथे चार-सहा जातींच्या पेशी दिसायला हव्यात तिथे एकाच जातीच्या, मोठ्या, कच्च्या पेशींची गर्दी, रक्ताच्या कॅन्सरमध्ये असते तशी. मी पुन्हा मोजलं. दुसरी पट्टी केली, तीही मोजली. त्या दिवशी माझा डोळा चुकावा असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. तो चुकला नाही. रिपोर्ट लेटरहेडवर लिहिला. खाली साहेबांची सही चार दिवसांपूर्वीच होऊन बसली होती.

तो कागद डॉक्टरांकडे गेला. दादा हटून बसले, "मला दे एक. तुझ्या सहीचा." मी साध्या कागदावर सगळे आकडे उतरवले आणि सही केली. मग खण उघडला. शिक्क्याचं रबर कडक झालं होतं, दोनदा दाबावा लागला. ती मोकळी जागा बघून हात थांबला. या माणसाने तीन वेळा रांग लावली होती. मी पेन उचललं आणि मनात आला तो नंबर लिहून टाकला.

दादांनी चष्मा लावला, कागद खिडकीकडे धरला.

"आला?"

"आला."

सहा आकड्यांच्या जागेत चारच आकडे होते. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा माझा आहे गं."

तोपर्यंत मला कळलंच नव्हतं मी काय लिहिलं होतं. मी कागद घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही. घडी करून उशीखाली ठेवला आणि म्हणाले, "नंबर असू दे तुझ्याकडे. माझा आता कुठं वापरात आहे."

सहीच्या वर काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही.