न फवारलेली ओळ

आधी शब्द द्या, हसायचं तर हसा, पण माझ्या बहिणीपुढे हे काढायचं नाही. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. चार लोकांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या मागे सटकतो. तरी मी विज्ञानाचं जे नुकसान केलं, ते एखाद्या शिकलेल्यालाही जमलं नसतं!

आमची मनीषा बी.एस्सी. झाली. तिला जळगावला एम.एस्सी.ला जायचं होतं. अर्जात एक रकाना होता : संशोधनाचा अनुभव. बाकीची मुलं म्हणे मोठ्या प्रयोगशाळांत सुट्ट्या घालवून आलेली. मनीषाकडे काय? चोपड्याजवळची आमची केळी!

तिने दोन ओळी निवडल्या. दोन्हींच्या पानांवर करपा रोग. एकीवर ती निंबोळी अर्क फवारणार, दुसरीवर काहीच नाही.

"भाऊ, या ओळीला हात लावायचा नाही."

"आणि करपा वाढला तर?"

"वाढू दे! तेच तर बघायचंय."

आता सांगा, डोळ्यांदेखत पानं करपतात आणि शेतकऱ्याने नुसतं बघायचं? आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी पहाटे पंप पाठीवर घेतला आणि करप्याचं चांगलं जालीम औषध मारून आलो.

झालं! महिन्याभरात निंबोळीची ओळ मरगळलेली आणि काहीच न केलेली ओळ हिरवीगार.

"भाऊ, तू काही केलं तर नाही ना?"

"मी? नाही बा!"

इथेच थांबलं असतं तर बरं. पण शेजारच्या मळ्यातल्या नानांनी ती न फवारलेली हिरवी ओळ पाहिली.

"मंग औषध कसाले मारानं?" म्हणाले, आणि पंप आवरून ठेवला!

करप्याने त्यांची बाग बसली तर पाप कोणाच्या माथी? मग काय, मी पहाटे उठून नानांच्याही ओळी फवारू लागलो. माझ्या खर्चाने! नाना गावभर सांगत सुटले, "पोर हुशार शे!"

मुलाखतीला मीच तिला जळगावला घेऊन गेलो. मी बाहेर बाकावर. दार अर्धवट उघडं. आत एक मॅडम आणि दोन सर.

मॅडमनी विचारलं, "न फवारलेली ओळ जास्त चांगली कशी झाली?"

मनीषाने मान खाली घातली.

पोरीचा एकुलता एक प्रयोग, आणि तो मी बुडवला! आता गप्प बसलो तर जन्मभर तोंड दाखवता येणार नाही. उठलो, दार ढकललं आणि एका दमात बोललो, "मॅडम, औषध मी मारलं! तिची काही चूक नाही. तिला घ्या, हवं तर मला शिक्षा करा!"

एका सरांचा चहा हातातच राहिला.

"आपण कोण?"

"भाऊ."

"भाऊ!" मनीषा दात-ओठ खात म्हणाली, "मी उत्तराचं पान उलटत होते!"

मॅडमनी तिच्या हातातली वही घेतली. ओठ दाबून वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसा, बसा. तुमची नोंद आहे इथे."

आणि मोठ्याने वाचू लागल्या, "न फवारलेल्या ओळीत पानांवर औषधाचे पांढरे डाग आणि जमिनीवर चपलेचे ठसे आढळले. निकाल ग्राह्य धरू नये. त्रुटीचं संभाव्य कारण : भाऊ."

म्हणजे हिला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं!

मनीषाला तिथल्या तिथे प्रवेश मिळाला. मॅडम म्हणाल्या, अनुभव थोडा असला तरी चालेल, पण फसलेला प्रयोग असा खरा लिहिणारी मुलं कमी. मला वाटलं, चला, माझाही थोडा हातभार लागला. छाती जरा फुगली.

मग त्यांनी वहीची शेवटची ओळ वाचली.

"पुढील प्रयोगासाठी सूचना : शेत बदलावं. जमल्यास भाऊही."