तळ्यातून वर येण्याची वाट

लिडियाबाईंकडून शेततळं करून घ्यायचं, तर पाणी सोडण्याआधी मालकाला एकदा तळ्यात उतरावं लागतं. श्रीगोंदा तालुक्यात हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय आणि काष्टीच्या बाजारात त्यावरून थट्टाही चालते. नवा मालक दिसला की कोणीतरी विचारतंच, "काय पाव्हणं, बाईनं घसरगुंडी खेळवली का न्हाई आजून?"

रीत साधी आहे. तळं खोदून झालं, बांध पक्का झाला, काळा प्लास्टिकचा कागद अंथरून झाला, की बाई उतारावर बादलीभर पाणी ओततात. मालकाला दोराने खाली सोडतात, दोर वर ओढून घेतात आणि म्हणतात, "आता या वर." मालक हसतच निघतो. दोन पावलं चढतो आणि घसरतो. चपला काढून पुन्हा निघतो, पुन्हा घसरतो. शेवटी ओणवा होऊन हातापायांवर चढू लागतो आणि पोटावर सरकत तळाशी येतो. बांधावरची मंडळी पोट धरून हसतात. बाई हसत नाहीत. मालकाचं हसू पार ओसरेपर्यंत त्या थांबतात आणि मगच दोर टाकतात.

पूर्वी त्या असलं काही करत नसत.

काष्टीच्या याकोब गुरुजींची ही थोरली मुलगी. नगरला राहून तिनं स्थापत्याची पदविका घेतली, काही वर्षं रस्त्यांची कामं पाहिली आणि लिंबाच्या बागांना शेततळी हवीशी झाली तशी या कामात पडली. बाईमाणूस बांध काय घालणार, असं म्हणणारे पहिल्या दोन उन्हाळ्यांत गप्प झाले. बाईंचं तळं गळत नाही, बाईंचा बांध खचत नाही, असं नाव झालं. जलपूजनाला नारळ त्यांच्याच हातात द्यायचे. बाई रविवारी चर्चला जातात हे साऱ्या गावाला माहीत होतं, पण त्याचं कोणाला काही नव्हतं. बाई नारळ दोन्ही हातांत धरून क्षणभर डोळे मिटायच्या आणि फोडायला मालकाकडे द्यायच्या.

बागेला किती पाणी लागेल, उन्हानं किती उडेल, बांधावर किती भार येईल, हे सगळं त्यांच्या नकाशात असे. पोरंबाळं आणि गुरं पडू नयेत म्हणून भोवती तारेचं कुंपणही असे. पलीकडच्या माळावरून पाण्याला कोण येईल, हे मात्र कुठेच नसे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माळ म्हणजे पडीक जमीन, असं त्या शिकल्या होत्या, आणि शिकलेलं तपासून पाहावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

रंगनाथच्या तळ्यानं ते तपासायला लावलं.

रंगनाथ हा लिंबाचा बागायतदार, एके काळचा पैलवान. त्याच्या तळ्याला वर्षही झालं नव्हतं. एप्रिलमध्ये एका सकाळी त्याचा फोन आला, की पाण्यात लांडगा मरून पडलाय आणि कागद फाटून पाणी गळतंय. बाई पोचल्या तेव्हा वनरक्षक राम यानं जनावर बांधावर काढून ठेवलं होतं. ती लांडगी होती. अंग बारीक, ओल्या केसांमुळे आणखीच बारीक दिसणारं. रामनं तिला उलथी केली आणि टोपी काढली.

"व्यालेली हाय, म्याडम. आचळं भरल्यात."

बाई बांधावरून तळ्याभोवती फिरल्या. पाण्याच्या रेषेलगत चारही बाजूंना नखांचे ओरखडे होते. एका कोपऱ्यात दाट, मग मधे नुसतं पाणी, मग पुढच्या कोपऱ्यात आणखी दाट. शेवटच्या कोपऱ्यात कागदाच्या चिंध्या झाल्या होत्या. ती किती फिरली, कुठे दमली आणि कुठे तिनं सोडून दिलं, ते त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. उतार त्यांचाच होता.

त्या रामबरोबर माळावर गेल्या. ऊन उतरेपर्यंत दोघांनी घळी पाहिल्या, बोरीच्या जाळ्या पाहिल्या, दगडांच्या कपारी पाहिल्या. बीळ सापडलं नाही.

"पिल्लं वरडत न्हाईत का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई. आई आल्याबिगर त्वांड उघडत न्हाईत," राम म्हणाला. "आपुन हितनंच गेलो आसू कदाचित."

पंचनाम्यात अपघाती मृत्यू अशी नोंद झाली. दोष कोणाचाच नाही. रंगनाथला हायसं वाटलं. बाईंना मात्र ते शब्द जेवताना आठवायचे, प्रार्थनेत आठवायचे. कोणी बोट दाखवलं असतं तर वाद तरी घालता आला असता.

पुढच्या आठवड्यात पाणी विहिरीत उपसून कागद सांधायचं काम निघालं. बाई काथ्याच्या जाड दोरांचं जाळं विणून घेऊन आल्या. ते कोपऱ्यांतून खालपर्यंत सोडायचं, म्हणजे पडलेल्या जनावराच्या पायाला आधार मिळेल. रंगनाथनं मान हलवली.

"म्याडम, तुमचं मन मोठं हाय. पर दोर घासून कागद फाटंल. आधीच चाळण झालीया."

"खाली गोणपाट घालू."

"त्यापरीस कुंपन वाढवू की."

"कुंपणाखालून आली ती. तहान लागली की येणारच, भाऊ. परत जाता यावं, एवढंच आपल्या हातात आहे."

"आवो, येवढं चपळ जनावर. त्याला चढता आलं न्हाई, त्याला मी काय करनार?"

रंगनाथ काही दुष्ट माणूस नव्हता. बागेला पाणी कमी पडलं तर त्याला घास जात नसे. पण त्या वाक्यानं बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी चपला काढल्या, बांधावर बसल्या आणि सरळ घसरत तळाशी गेल्या. खाली घोटाभर पाणी राहिलं होतं. त्या उठून चढू लागल्या आणि आपल्याच आरशासारख्या उतारावरून खाली आल्या. पुन्हा चढल्या, पुन्हा आल्या. नखं तुटली, कोपर सोलला.

"तुमी बाईमानूस, पायात जोर न्हाई," असं म्हणत तालमीतला गडी त्यांना काढायला उतरला. आणि दोर बांधावरच राहिला.

मग दोघं झटले. त्यानं खांद्यावर उभं करून बाईंना वर ढकललं, दोघंही आडवे झाले. हाका मारल्या, तर पंपाच्या आवाजात त्या कोणाला ऐकू जाईनात. काळा कागद उन्हानं तापला होता. शेवटी दोघं तळाशीच बसले.

बनुबाई, रंगनाथची बायको, चहा घेऊन आली. नवऱ्याला आणि म्याडमला चिखलात बसलेलं पाहून तिला हसू फुटलं, आणि त्यांच्या डोक्यांच्या वर, कागदावर, लांडगीच्या नखांचे ओरखडे दिसताच ते विरलं.

"तुमास्नी हाका तरी मारता येत्यात," ती म्हणाली. "तिनं मारली आसती, तर ऐकायला कोन हुतं? पिल्लंच की."

तिनं दोर खांबाला बांधून खाली सोडला. वर आल्यावर रंगनाथनं बांधावर बसून कपभर चहा संपवला. मग तो म्हणाला, "गोणपाट दुहेरी घाला."

तेव्हापासून ही रीत सुरू झाली. सगळ्यांना ती मानवत नाही. भागवत नावाच्या एका बागायतदारानं उतरायला साफ नकार दिला, तेव्हा बाईंनी त्याचं काम सोडलं. ते तळं दुसऱ्या कोणी केलं. त्या रस्त्यानं जाताना बाई अजूनही गाडी थांबवून आत डोकावतात. स्वतः आधी केलेल्या तळ्यांच्या मालकांकडेही त्या जाळं घेऊन जातात. कोणी हो म्हणतं, कोणी फोनच उचलत नाही. न उचललेले फोन त्यांना जास्त लक्षात राहतात.

यंदाच्या मे महिन्यात सकाळीच रंगनाथचा फोन आला. "म्याडम, या." काय झालं, ते सांगेना. बाई तशाच निघाल्या. वाटभर त्यांच्या डोळ्यांसमोर ते ओले केस होते.

तळ्यात काही नव्हतं. पलीकडच्या कोपऱ्याजवळ कागदावर एक लांब घसरल्याची खूण होती. अलीकडे जाळ्याचा काथ्या पाण्याच्या बराच वरपर्यंत ओला होता. त्याच्या वर, बांधाच्या धुळीत, रंगनाथनं एक लोखंडी घमेलं पालथं घातलं होतं. त्यानं ते अलगद उचललं.

खाली पंजाचा ठसा होता. पुढे तसेच ठसे कुंपणाखालून माळाकडे गेले होते, वाऱ्यानं अर्धे पुसलेले.

बाई खाली बसल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"कुत्र्याचं बी आसंल," रंगनाथ म्हणाला, आणि त्यानं घमेलं पुन्हा जपून त्याच जागी पालथं घातलं.