लिमये काकांची उघडी दारं

लिमये काकांनी आयुष्यात स्वतःच्या हाताने एकही दार लावलं नसावं. आमच्या गराजमधून ते थेट स्वयंपाकघरात येत आणि त्यांच्यामागून मिशिगनचा जानेवारीही आत येई. "काका, दार!" मी ओट्यापासून ओरडायची. "असू दे गं वैशाली, कोणीतरी येत असेल," म्हणत ते खुर्ची ओढून बसायचे. कोणीही येत नसे. हात पुसत जाऊन मीच दार लावायची. मी कामं लिहून, वेळेत उरकणारी बाई. काकांच्या मागचं दार लावणं हे माझं न लिहिलेलं रोजचं काम होतं.

फोनचंही तेच. "बरं, ठेवतो" म्हणून ते फोन खरोखरच टेबलावर ठेवत, कट करत नसत. मग मला त्यांच्या कुकरची शिट्टी, टीव्हीवरची क्रिकेटची कॉमेंट्री आणि चष्म्याची शोधाशोध ऐकू येई. शेवटी चरफडत मीच बंद करायची.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात ते आमच्या शेजारी राहत. गाड्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. तरुणपणी पुण्याहून ते कॅनडातल्या एका जुन्या, दगडी इमारतींच्या विद्यापीठात मास्टर्स करायला गेले होते. त्यामुळे ते विद्यापीठ त्यांच्या खासगी मालकीचं होतं. माझ्या मुलीला, इराला, तिथेच एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा, आता काकांचे सल्ले सुरू होणार म्हणून माझ्या कपाळाला आठी पडली. को-ऑपचा अभ्यासक्रम, म्हणजे एक टर्म शिकायचं आणि एक टर्म कंपनीत काम करायचं. मला तो आराखडा फार आवडला होता. कॅल्क्युलस आधी घ्यावं की केमिस्ट्री, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "काहीही घेऊ दे. जेवायला एकटी बसू नको म्हणावं."

"काका, मी कोर्सेसचं विचारतेय."

"मीही तेच सांगतोय."

इराला सोडायला निघालो तेव्हा काका न विचारता गाडीत येऊन बसले. सामान उतरवायला हॉस्टेलने आम्हाला ठरावीक वेळ दिली होती. सीमेवरचा पूल ओलांडून आम्ही वेळेआधी गावात पोहोचलोही. "जीपीएस बंद कर, मला रस्ता पाठ आहे," काका म्हणाले आणि त्यांनी आम्हाला त्यांच्या जुन्या हॉस्टेलपाशी नेलं. तिथे आता फीचं ऑफिस होतं. योग्य इमारत सापडेपर्यंत आमची वेळ टळली आणि आम्ही गाड्यांच्या रांगेत सगळ्यांच्या मागे. इरा हसत होती. मी नव्हते.

खोलीत काकांनी कोटाच्या खिशातून एक लाकडी पाचर काढली. स्वतःच्या गराजमध्ये कापून, घासून गुळगुळीत केलेली. "ही मेली दारं आपोआप लागतात. खोलीत असशील तेव्हा दाराखाली सरकव."

"काका, ते फायर डोअर आहे. उघडं अडकवून ठेवणं नियमात बसत नाही," मी म्हटलं. हॉस्टेलची नियमावली मी छापून आणली होती.

"मग दाराशी बसून अभ्यास कर आणि उठताना काढ. नियमवाल्याला सांग, दार मीच धरून बसलेय."

इराने पाचर ड्रॉवरमध्ये टाकली. मला हायसं वाटलं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी काकांचा फोन आला. माझा डबा परत द्यायचा होता, एवढंच. "बरं, ठेवतो," ते म्हणाले आणि नेहमीसारखं ठेवून दिलं. मी बंद करणार, तेवढ्यात पलीकडे त्यांच्या टॅब्लेटची रिंग वाजली. मग माझ्या मुलीचा आवाज.

"आजोबा, आय वॉन्ट टू कम होम. फॉर गुड. मी पॅक केलंय. आईला सांगू नका, प्लीज."

मला ती रोज "ऑल गुड" असा मेसेज पाठवत होती.

"का गं?"

"एव्हरीवन हॅज अ ग्रुप. लॅबमध्ये मला पार्टनरच नाही. मी कुणाशी बोललेच नाही तीन दिवस. नोबडी नोटिस्ड."

माझ्या हातात गाडीची किल्ली आलीसुद्धा होती. टर्म सोडली की को-ऑपची जागा जाणार, ती परत कशी मिळवायची, कुणाला भेटायचं, डोक्यात सगळं मांडून झालं होतं. तेवढ्यात काका बोलले.

"पहिल्या थंडीत मी तापाने पडलो होतो. खोलीचं दार लावलेलं. बाहेरून पोरं जायची, त्यांना वाटायचं लिमये अभ्यास करतोय. झाडायला येणाऱ्या बाईने दार उघडलं तेव्हा मला उठून पाणीही घेता येत नव्हतं. पोरं वाईट नव्हती गं. दार बंद होतं." मग म्हणाले, "पाचर कुठाय?"

"ड्रॉवरमध्ये."

"काढ. दोन आठवडे दाराशी बस. नाही जमलं तर मी स्वतः येतो न्यायला. तुझ्या आईला मी बघतो. ती वेळापत्रक दाखवेल, पण आधी गाडी काढेल."

मी किल्ली परत खुंटीला लावली. मी एक शब्द जरी बोलले असते, तरी इराने पुन्हा कुणालाच काही सांगितलं नसतं. ते दोन आठवडे मी कसे काढले, ते माझ्या नवऱ्याला विचारा. घरातली सगळी कपाटं दोनदा लावून झाली. काका रोज येत, दार उघडं टाकत, इराबद्दल अवाक्षर काढत नसत. मीही विचारलं नाही. पण दार लावायला उठले की पाय अडखळायचे.

मग एका संध्याकाळी इराचाच फोन. मागे इतका गोंधळ, की तिचं बोलणं धड कळेना. "आई, नंतर बोलते, रूममध्ये लोक आहेत! कोणीतरी माझे सगळे लाडू खाल्ले यार!"

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. गुडघे बोलायला लागल्यावर मुलगा काकांना फ्रीमाँटला घेऊन गेला. निघाले तेव्हा त्यांच्या घराचं दार सताड उघडं होतं, अर्थातच. ते मीच लावलं.

रविवारी फोन करतात. "बरं, ठेवतो," म्हणतात आणि ठेवून देतात. मी माझा फोन ओट्यावर, भाजीच्या पाटाशेजारी ठेवते. त्यांचा चहा उकळतो, चष्मा हरवतो, सून ओरडते, "बाबा, दार!"

"असू दे गं," काका म्हणतात.

माझी भाजी चिरून होईपर्यंत मी काही बंद करत नाही.