बिस्कीट ठेव, तू जा

आमच्या निपाणीच्या गल्लीत कुणी आजारी पडलं की अख्खी गल्ली बघायला जायची. न जाणाऱ्याला माणुसकी नाही, असं ठरलेलंच. या रिवाजाला आडवी आली ती एकटी गौराक्का. आमची शेजारीण, तंबाखूच्या वखारीत कामाला.

सत्तर सालानंतरची गोष्ट. माझी मंजू सहा वर्षांची. कधी ताप, कधी कान, कधी छाती. बेळगावच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, पोरीच्या रक्तात रोगाशी लढायची ताकदच कमी आहे. दर महिन्याला इंजेक्शन घ्या, दुसऱ्या माणसांच्या रक्तातनं काढलेल्या ताकदीचं. आणि घरात गर्दी नको, साधी सर्दीही जिवावर बेतेल. मी रडत रडत गौराक्काला सांगितलं.

"किती माणसांच्या रक्तातनं गं?"

"पुष्कळांच्या म्हणे."

"मग आत माणसं बक्कळ झाली की. बाहेरची आणि कशाला?"

दुसऱ्या दिवसापासून वखारीतनं सुटली की ती थेट आमच्या उंबऱ्यावर. कुणी पुडा घेऊन आलं की म्हणायची, "बिस्कीट ठेव, तू जा." माझ्या नणंदेलाही तसंच धाडलं. ती बाई वर्षभर बोलली नाही माझ्याशी. आमच्या ह्यांना नाक ओढताना धरलं आणि आठवडाभर भावाकडं पाठवलं.

एकदा आमचे नेहमीचे डॉक्टर आले आणि दारातच तीनदा शिंकले. आक्का उठून उभी. "डॉक्टर, बॅग ठेवा, तुम्ही जा."

"आक्का, मला सर्दी न्हाय. तुमच्या पदराला तंबाखू हाय," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले.

आक्का पदराकडं बघतच राहिली. "म्हंजे पोरीच्या दारात ही धूळ मीच आणली व्हय?"

तेव्हापासून आधी घरी जाऊन अंघोळ, धुतलेलं लुगडं, मग उंबरा. थंडीतसुद्धा. मंजूचं इंजेक्शन महिन्याला एक, आक्काची अंघोळ रोज.

मंजू तगली, शिकली, मास्तरीण झाली. पुढं आक्काचीच छाती धरली. मंजू पुडा घेऊन गेली, तर आक्कानं पडल्या पडल्या हात वर केला. "लांब ऱ्हा. तुला काय लागलं म्हंजे? बिस्कीट ठेव, तू जा."

मंजू गेली नाही, उंबऱ्यावर बसली. तेवढ्यात गल्लीतल्या दोघी बघायला आल्या.

"बिस्कीट ठेवा, तुम्ही जा," मंजू म्हणाली.

आक्का खोकत खोकत हसली. "शिकलं की गं पोर."

चार दिवसांनी आक्का गेली. मग मात्र अख्खी गल्ली आत शिरली. परत धाडणारी दारात कुणी नव्हती.