बेडूक नावाचा सुटा भाग

एक गोष्ट आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. आमच्या दुकानाच्या कॉम्प्युटरमधला एक रकाना मी स्वतःच्या बोटाने पुसला आणि तो सिस्टीमने खाल्ला असं सांगितलं. ज्यांना सांगितलं, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. नांदेडला आमचं विहिरीवरच्या मोटारी आणि पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वडिलांच्या काळापासून चाचा काउंटरला होते. मुदखेडहून रोज सकाळच्या गाडीने यायचे. एखादा भाग हातात आला की त्याला नखाने टिचकी मारायचे, कानाशी धरून डोळे मिटायचे आणि मग गिऱ्हाइकाला विचारायचे, "तुमच्याकडं याला काय म्हणून राहिले?"

मला वाटायचं, म्हाताऱ्याला गप्पा लागतात. तुमच्याही बाजारात असा एखादा माणूस असेल. त्याच्या सवयीकडे जरा नीट बघा. मी तीस वर्षं रोज बघत होतो आणि मला काहीच दिसलं नाही.

पन्नाशीला आलो तरी मी त्यांचा 'छोटे मालक' होतो.

"चाचा, केस पिकले माझे."

"मेंदी लावा. मालक छोटेच हायत अजून."

लातूरला दुसरं दुकान काढायचं ठरलं, तेव्हा अडचण कळली. कोणता भाग कुठल्या खणात आहे, कशाच्या जागी काय चालतं, हे सगळं चाचांच्या डोक्यात होतं आणि ते डोकं दोन गावांत बसू शकत नव्हतं. म्हणून कॉम्प्युटर घेतला. चाचा रुसतील अशी मला धास्ती होती. त्यांनी खांद्यावरच्या रुमालाने आपलं स्टूल पुसलं, ओढून पडद्यासमोर घेतलं आणि म्हणाले, "हा आपला शागीर्द. शिकवतो याला."

पहिल्या दिवशी मी डब्यांवरची कंपनीची नावं आणि नंबर भरायला लागलो. चाचांनी माझं मनगट धरलं.

"हे कशाला? हे तर डब्यावर छापलेलंच हाय. गिऱ्हाईक काय म्हणून राहिलं, ते लिहा."

म्हणून मी शेजारी एक रकाना वाढवला. त्याला नाव दिलं, 'लोकांची नावं'.

त्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात. दोन ते चार बाजार सुस्तावलेला असायचा. शटर अर्धं खाली. फटीतून उन्हाची एक पट्टी आत यायची आणि तिच्यात धूळ इतकी सावकाश फिरायची की पंख्यालाही झोप लागली असावी असं वाटायचं. ग्रीसचा वास. चाचा डोळे मिटून सांगायचे आणि मी लिहायचो. ऑइल सीलला बांगडी. कपलिंगमधल्या रबराला फूल. विहिरीत पाण्याखाली, पाइपाच्या टोकाला बसणारा फूट व्हॉल्व्ह, त्याला बेडूक.

"जळकोटकडं बेडूक. उदगीरला गेलं की कानडीत कप्पे म्हणत्यात. देगलूरवाला आला की तेलुगूत कप्प मागतो. तिघांना एकच द्यायचा. तिघं बी खूश."

"एवढं कसं लक्षात राहतं चाचा?"

"लक्षात कुठं ठेवून राहिलो? त्यानं मागितला की त्याची विहीर दिसती."

आणि खरंच, त्यांच्या आवाजामागून मलाही विहिरी दिसायला लागायच्या. मुदखेडच्या गाडीच्या खिडकीतून गावं मागे सरकावीत, तशा एकामागून एक. हिरवं पाणी, भिजलेला पाइप आणि तळाशी तोंड उघडून बसलेला तो पितळेचा बेडूक. मी पेंगत पेंगत टाइप करायचो. दोन महिने असं चाललं. माझ्या दुकानात इतकं सुख मला आधी कधी वाटलं नव्हतं, नंतरही नाही.

रोज जाताना चाचा उजळणी घ्यायचे. "शागीर्दाला विचारा, बेडूक." मी टाइप करायचो. पडद्यावर खणाचा नंबर यायचा. चाचा पडद्याच्या डोक्यावर थोपटायचे. "शाबास. आता मी घरी बसलो तरी गिऱ्हाईक रिकामं जाणार न्हाई."

त्यांना एवढंच हवं होतं. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नाही.

लातूरचं दुकान सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात सॉफ्टवेअर बसवणारा माणूस आला. कोऱ्या शर्टचा, घाईतला. चाचा जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजला गेले होते. त्याने यादी वर-खाली केली आणि हसला. "बेडूक? बांगडी? दुकान मोटारींचं आहे ना?"

मला लाज वाटली. चाचांची लाज वाटली, हेच लिहायला मला इतके दिवस लागले. मीही हसलो. "आमच्याकडं एक जुने आहेत, त्यांचा हट्ट," असं म्हणालो. यादी सुटसुटीत हवी, हा रकाना काढू का, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, मीच काढतो. खात्री आहे का, असं कॉम्प्युटरनेही एकदा विचारलं. मी हो म्हटलं.

संध्याकाळी चाचांनी उजळणी घेतली. "विचारा, बेडूक."

पडद्यावर आलं, 'नोंद सापडली नाही.'

"बांगडी विचारा."

तेच.

"सिस्टीमनं खाल्लं असेल चाचा," मी म्हणालो. "होतं असं कधीकधी."

त्यांनी नेहमीसारखंच पडद्याच्या डोक्यावर थोपटलं. शागीर्दावर चिडले नाहीत. उलट म्हणाले, "माझंच चुकलं. लई भरभर सांगितलं मी. नव्या पोराला हळू सांगावं लागतं." मग रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "उद्यापासून परत बसू."

मी म्हणालो, "बघू. लातूरचं होऊ द्या."

त्यानंतर कितीतरी दुपारी त्यांनी विचारलं, "शागीर्दाला आज वेळ हाय का?" आणि मी प्रत्येक वेळी बघू म्हणालो. पुढे त्यांची नजर मंदावली. एक दिवस त्यांच्या मुलाचा फोन आला, अब्बांना आता गाडीत चढायला जमत नाही. भांडण नाही, निरोपसमारंभ नाही. त्यांचं स्टूल आम्ही मागे नेलं, त्याच्या जागी प्रिंटर आला.

गेल्या महिन्यात मी लातूरच्या दुकानात आत बसलो होतो. काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ आले.

"बेडूक द्या एक. अडीच इंची."

आमच्या माणसाने टाइप केलं. "बेडूक नाही मामा. दुकान हाय हे, डबकं न्हाई."

"जळकोटहून आलोय बाबा. नांदेडला एक चाचा होते, ते तोंडातून शब्द निघायच्या आत द्यायचे."

"मग नांदेडलाच जावा की."

मी बाहेर येईपर्यंत ते बाजारात दिसेनासे झाले होते. आमच्या माणसाच्या पाठीमागे, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, अडीच इंची फूट व्हॉल्व्हची चार खोकी होती.

त्यातला एक व्हॉल्व्ह आणि लॅपटॉप घेऊन मी दुसऱ्या दिवशी मुदखेडला गेलो. चाचा अंगणात बाजेवर बसले होते. नजर माझ्या चेहऱ्याच्या थोडी बाजूला लागली होती.

"छोटे मालक! चालण्यावरनं ओळखलं. शागीर्द बी आणला का?"

मी लॅपटॉप त्यांच्या शेजारी ठेवला. त्यांनी चाचपून त्याच्या झाकणावर हात ठेवला. दुसऱ्या हातात मी व्हॉल्व्ह दिला. त्यांनी टिचकी मारली, कानाशी धरला, डोळे मिटले. तीच उन्हाची पट्टी आणि तीच सावकाश धूळ मला त्या उघड्या अंगणात दिसली.

"बेडूक," ते हसले. "कुणी मागितला?"

"जळकोटचे एक जण आले होते लातूरला."

"मिळाला त्यांना?"

"नाही चाचा. रिकामे गेले."

त्यांचं हसू थांबलं. "का? संपले होते?"

"नाही. चार होते."

"मग?"

त्यांचा हात अजून झाकणावर होता.

"चाचा, शागीर्द विसरला नव्हता," मी म्हणालो. "तुम्ही भरभर सांगितलं नव्हतं. नमाजला गेला होता तुम्ही, तेव्हा मी पुसलं. एका परक्या माणसासमोर मला तुमची लाज वाटली म्हणून पुसलं, आणि तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."