एकाच माणसाच्या दोन बाटल्या

आमच्या बस आगारातल्या त्या मेकॅनिकला सगळे ‘तांदूळ’ म्हणत. धुतल्या तांदळासारखा माणूस, म्हणून. चहा बिनसाखरेचा, तंबाखू नाही, दारू नाही, अंगाने काडी. इंजिनाखाली शिरला की बाहेर नुसते बूट दिसत. अलीकडे काम उरकलं तरी ते बूट बराच वेळ हलत नसत. झोप लागली की काय म्हणून कुणी पायाला हात लावला, की आतून आवाज येई, “आहे अजून.”

घरी अंथरुणाला खिळलेली आई, तिचं सगळं हाच करी. त्यामुळे तो दमणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. तोही.

दरवर्षीच्या तपासणीत डोळे पाहत आणि लघवीची बाटली घेत, संपलं. चालकाच्या बाटलीत साखर निघाली की स्टिअरिंग सुटलं. मग गाड्या धुवायचा पाइप हातात. तांदळाच्या धाकट्या बहिणीचे यजमान, त्याचे दाजी, आमच्याकडेच चालक. त्यांना साखर आहे हे कंडक्टरलाही कळे. एका थांब्यावर घटाघटा पाणी, पुढच्या थांब्यावर पळापळ. म्हणून दोघांच्या बाटल्या तांदूळच भरी. “लग्नात तुमचा मान द्यायचा राहिला होता ना, तो हप्त्याने पोचवतोय,” असं वर दाजींना ऐकवी. आगारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कागदावर नव्हतं.

यंदा डॉक्टरबाई नव्या आल्या आणि तपासणीही नवी. बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून या दोघांना बोलावलं तेव्हा मी खोलीतच होतो. बाईंनी शांतपणे सांगितलं, की साखर कुठेच नाही, पण लघवीतून एक प्रथिन अगदी थोडं बाहेर पडतंय. ते मूत्रपिंडाने अडवायला हवं. रक्तदाब किंवा साखर वर्षानुवर्षं आतून कुरतडत असली, तर माणसाला काही जाणवायच्या आधी ही गळती दिसू शकते. आणि दोन्ही बाटल्यांतले आकडे दशांशापर्यंत सारखे होते.

“ही लघवी एकाच माणसाची आहे,” त्या म्हणाल्या. “त्याने आत्ता औषध घेतलं तर पुष्कळ सावरता येईल. कोण तो?”

तांदूळ जमिनीकडे बघत म्हणाला, की नात्यातलेच आहोत, खाणं सारखं, म्हणून आकडेही सारखे आले असतील. बाई हसल्या नाहीत. दोघांनी इथेच पुन्हा बाटली द्यावी, म्हणाल्या. तांदूळ लगेच म्हणाला, आज राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू. दाजी त्याच्याकडे बघत राहिले. पुढच्या आठवड्यात तो येणार नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

“दोन्ही याच्याच आहेत, मॅडम,” ते म्हणाले. “माझी दिली असती तर तुमच्या आधी मुंग्यांना कळलं असतं.”

“दाजी, ताईला काय सांगू आता?” धाकटी असली तरी बहिणीला तो ताईच म्हणे.

“सांग, स्टिअरिंग गेलं. भाऊ गेला हे सांगायला मला जमायचं नाही.”

बाईंनी तांदळाच्या दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला. थोडं थांबून पुन्हा मोजला. मग रक्ताची तपासणी लिहून दिली.

“म्हणजे हे दमणं आजाराचं होतं?” त्याने विचारलं.

असू शकेल, त्या म्हणाल्या.

तो स्टुलावर बसूनच राहिला. “मला वाटायचं, मी कामचुकार झालोय,” म्हणाला.

दाजी आता गाड्या धुतात. साखर आटोक्यात आली तर पुन्हा विचार करू, असं साहेब म्हणालेत. गोळ्या सुरू झाल्या तरी तांदळाचं दमणं काही एकदम गेलं नाही. पण परवा तो इंजिनाखालून बाहेर आला आणि मुकादमाला म्हणाला, आज होत नाही, घरी जातो. त्याची अर्ध्या दिवसाची रजा मी मांडली. इतक्या वर्षांतली पहिलीच.