बर्फावरचं लुगडं

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायला लागले, तेव्हा मला बर्फ माहीत होता तो लाकडाच्या भुशातला. बाजारात गोणपाटाखाली त्याची लादी ठेवलेली असे आणि सरबतवाला तिला टोचून टोचून तुकडा काढी. पाचवीच्या पुस्तकात मात्र हिमालयाचा धडा होता आणि डोंगरावर बर्फ पडतो असं त्यात लिहिलं होतं. मुली विचारायच्या, "बाई, लाद्याच्या लाद्या पडतात? डोक्यावर पडली तर?" मी म्हणायची, "नाही गं, पिंजलेल्या कापसासारखा पडतो."

हे वाक्य पुस्तकात नव्हतं, माझं होतं. वऱ्हाडातल्या मुलींना कापसाचं उदाहरण दिलं की सगळं पटतं, म्हणून मी ते दर वर्षी सांगत गेले. आणि दर वर्षी मला आतून खटकत राहिलं, कारण मी न पाहिलेलं शिकवत होते. त्या धड्यात एक चित्रही होतं. पायांना लांब फळ्या बांधून एक माणूस बर्फाच्या उतारावरून घसरत येत होता. मुली त्याला हसायच्या. मला हसू यायचं नाही. आपल्याला एकदा तसं घसरून पाहायचं आहे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. वडील मी लहान असतानाच गेले. माय आधी नांदगाव खंडेश्वरकडे शेतात मजुरीनं जायची, मग अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये लागली. मी अमरावतीला वसतिगृहात राहून बी.ए. झाले ते शिष्यवृत्तीवर आणि तिच्या कष्टांवर. नोकरी लागली तशी मी तिला अकोल्याला घेऊन आले.

माय जन्मभर लुगड्यात वावरली. नऊवार, मागे घट्ट कासोटा, काम असलं की ओचा वर खोचलेला. मला मात्र तिनं लुगडं कधी नेसू दिलं नाही. शेजारच्या मुली आपापल्या आयांकडून शिकल्या तेव्हा मीही हट्ट धरला होता. ती म्हणाली, "तुले काय वावरात निंदाले जा लागते? लुगडं कामाचं असते. तू पातळ नेस, मास्तरनीवानी." तेव्हा मी चौथीत होते. मास्तरीण व्हायला बरीच वर्षं होती, पण मायच्या लेखी ते तेव्हाच ठरलेलं होतं. मी गोल पातळच नेसायला शिकले आणि तेच नेसत राहिले.

शाळेत एक वयानं वडील बाई होत्या, त्यांना आम्ही सगळ्याजणी मोठ्या बाई म्हणत असू. वकिलाच्या घरातल्या, बोलायला फटकळ. मी नवी असताना फळ्यावर नकाशा कसा काढायचा हे त्यांनी मला शाळा सुटल्यावर थांबून शिकवलं होतं, ते मी विसरलेले नाही. त्यांचा धाकटा भाऊ सरकारी नोकरीत सिमल्याला होता. साठनंतरच्या एका वर्षी नाताळच्या सुट्टीआधी त्या शिक्षकांच्या खोलीत मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. तुझा बर्फ बघून घे एकदाचा. मुलींना किती दिवस कापूस दाखवणार आहेस?"

मायला विचारलं तर ती म्हणाली, "तू जाय. मी काय करू तठी थंडीत?" पण आम्ही बौद्ध झालो तेव्हापासून तिला सारनाथ पाहायचं होतं. जाताना सारनाथ करू म्हटल्यावर तिनं गाठोडं बांधायला घेतलं.

सारनाथला ती दिवसभर काही बोलली नाही. सिमल्याला पोचेपर्यंत मात्र थंडीबद्दल अखंड बोलत होती. बाईंच्या भावाकडे पहिल्याच संध्याकाळी जेवताना विषय निघाला, की कुफरीला एक जण नवख्या लोकांना दिवसभर सोबत घेऊन बर्फावर घसरायला शिकवतो, फळ्याही तोच देतो. माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, "बायकांनासुद्धा?" भाऊ म्हणाले, "हो, का नाही? उद्या निरोप देतो." त्या रात्री मला पुस्तकातलं ते चित्र डोळ्यासमोरून हलेना.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही तिघी मोटारीनं निघालो. बाईंच्या भावजयीनं मला पातळाच्या आत नवऱ्याचा लोकरीचा पायजमा आणि डोक्याला लोकरी टोपी घालायला लावली होती. मायनं भाकरी, जवसाची चटणी आणि ठेचा गाठोड्यात घेतला होता. एक वळण घेतलं आणि समोरचा सगळा डोंगर पांढरा. माय खिडकीला चिकटली.

"बापा बापा!" ती म्हणाली. "येवढं कोन वेचन वं?"

मोठ्या बाईंना इतकं हसू आलं की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मी मात्र उतरल्याबरोबर खाली वाकले आणि मूठभर बर्फ उचलला. दिसायला कापूस खरा. पण हाताला जड लागला, पायाखाली कर्रकर्र वाजला, मुठीत दाबला तर गोळा झाला आणि बोटं भाजल्यासारखी झाली. कापूस नव्हता. मुलींना आता काय सांगायचं ते मी तिथंच मनात जुळवायला लागले.

शिकवणारा माणूस मध्यम वयाचा, लोकरी टोपीतला पहाडी गृहस्थ होता. दिल्लीकडचे दोन-तीन जण आधीच आलेले होते. त्यानं लाकडी छपरीतून काठ्या आणि फळ्या काढल्या. माणसाहून लांब, पुढचं टोक वर वळलेलं, मध्ये चामडी पट्टे. माझ्याकडे पाहून तो थांबला.

"मास्टरनीजी, साड़ी में नहीं होगा," तो म्हणाला. "पट्टे में फँसेगी, पैर टूटेगा. पतलून पहन लो, अंदर रखी है."

आत खुंटीला जाड्या खाकी पतलुणी टांगलेल्या होत्या. मी एक काढून अंगाला लावून पाहिली. माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. पण खरं सांगायचं तर ती बेतशीर असती तरी मी घातली नसती. अकोल्यापासून इतक्या लांब कुणी पाहणार नव्हतं, तरीही चार माणसांत पतलून घालून बाहेर जायला माझे पाय उचलले नसते. मी ती परत खुंटीला अडकवली आणि बाहेर येऊन म्हटलं, "राहू द्या. मी बसून बघते."

मोठ्या बाई म्हणाल्या, "इतक्या लांब येऊन बसून बघतेस? बसून बघायला अकोल्यात पुस्तक होतं की."

मी तिथल्याच एका ओंडक्यावर जाऊन बसले. माय शेकोटीजवळ बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फळ्यांकडे, मग परत माझ्याकडे.

"लय मन हाये तुहं?"

"हो माय."

तिनं गाठोडं मांडीवर ओढलं. भाकरीचा डबा ज्यात गुंडाळला होता ते तिचं दुसरं लुगडं होतं, हिरवं, काठ विटलेलं. ते सोडून तिनं हातात घेतलं आणि विटका काठ अंगठ्यानं चोळत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. हे आपल्या लेकीच्या अंगाला लागू नये म्हणून ती इतकी वर्षं राबराब राबली होती. मग ती उठली. "चाल अंदर," म्हणाली. "सोड ते पातळ."

छपरीत एक घोंगडी आडवी धरून मोठ्या बाई उभ्या राहिल्या आणि मायनं मला पायजम्यावरून लुगडं नेसवलं. मी शिकलेली, नोकरी करणारी बाई, लहान पोरीसारखी हात वर करून उभी होते. लुगड्याला चटणीचा वास येत होता.

"पाय फाक. अजून. आता सास सोड."

"माय, किती घट्ट!"

"घट्टच असते. वावरात सुटलं त कोन बांधून देईन?" पायांमधून काठ मागे नेऊन तिनं कासोटा असा खोचला की मी चवड्यांवर उचलली गेले. ओचा गुडघ्याजवळ घेतला, पदर छातीवरून काढून कमरेला आवळला. मग मागे सरून पाहिलं आणि म्हणाली, "आजच्या रोजच. आदत नोको लावून घेऊ."

घोंगडीमागून मोठ्या बाई म्हणाल्या, "मुख्याध्यापिकांनी असं पाहिलं ना, तर पुढची वेतनवाढ विसर."

बाहेर आलो तर तो शिकवणारा पुन्हा मान हलवायला लागला. त्याला ती साडीच वाटली. तेव्हा माय पुढे झाली. अकोटच्या जिनिंगमुळे तिची हिंदी माझ्यापेक्षा बरी होती.

"अरे भाऊ, ये साडी नहीं, लुगडा है. देखो." ती स्वतः लुगड्यातच होती. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, ताडकन उठली, एक लांब ढांग टाकली, परत बसली. "कहाँ फँसता है? बोलो. हम इसमें बैलबंडी पे चढ़े, कपास चुने, नाले के उस पार कूदे."

तो हसायला लागला. "माताजी, फिर तो आप ही चलो."

"मेरेकू क्या करना बरफ में? लड़की कू ले जाव."

त्यानं माझ्या गुडघ्याशी कापड ओढून पाहिलं, कासोट्याकडे लांबून पाहिलं आणि म्हणाला, "ठीक है. ये चलेगा."

मग शिकवणी सुरू झाली. आधी पडायचं कसं ते शिकवलं, बाजूला, बसल्यासारखं. मग उठायचं कसं. मग फळ्यांची टोकं जवळ आणून टाचा लांब ठेवायच्या, म्हणजे वेग आटोक्यात राहतो. उतार चढायचा तर आडव्या पावलांनी. मी आज्ञाधारक विद्यार्थिनीसारखं सगळं ऐकलं. आणि पहिल्या उतारावर फळी सरकली तशी मागच्या मागे आपटले.

"आगे झुको, मास्टरनीजी! पीछे नहीं!"

उठले, पुन्हा गेले, पुन्हा मागे. तिसऱ्यांदाही तेच. मला कळेना. मी मनात पुढे पुढे म्हणत होते आणि अंग आपोआप मागे जात होतं, हातातल्या काठ्या छातीशी ओढल्या जात होत्या. दिल्लीकरांपैकी एक जण माझ्यानंतर सुरुवात करूनही नीट खाली गेला होता. शिकवणारा आता घड्याळाकडे पाहायला लागला होता. हे जमणार नाही, असं मला पहिल्यांदा वाटलं. लुगडं नेसूनसुद्धा जमणार नाही, हे त्याहून वाईट होतं.

तेवढ्यात खालून मायची हाक आली. सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी.

"काहून वं, बैल कुठी हायेत तुहे? कासरे कायचे ओढून राहिली?"

मी जिथं पडले होते तिथंच बसून हसायला लागले. तिनं बरोबर ओळखलं होतं. लहानपणी मामाच्या वावरात माती मोकळी करायला वखर चालायचा तेव्हा वजन पडावं म्हणून मामा मला त्यावर उभं करायचा. बैल पुढे ओढत, आणि आपण कासरे हातात धरून मागे रेलून तोल धरायचा. पायाखाली फळी सरकली की मागे रेलायचं, हे माझ्या अंगानं सातव्या-आठव्या वर्षीच शिकून ठेवलेलं होतं, आणि भूगोलाचं पुस्तक त्याला काही सांगू शकत नव्हतं. पण इथं पुढे बैल नव्हते. ओढणारं कुणी नव्हतंच. उतार आपणच नेणार होता.

मी उठले. काठ्या सैल धरल्या, गुडघे वाकवले आणि खाली बसलेल्या मायकडे पाहत पुढे झुकले. फळ्या सरकल्या. अंग मागे जाऊ पाहत होतं, मी त्याला जाऊ दिलं नाही. वारा कानात शिरला, लोकरी टोपी कपाळावर आली, हिरवा काठ गुडघ्याशी फडफडत होता. उतार काही मोठा नव्हता. आमच्या शाळेच्या मैदानाएवढा असेल. पण मी तो उभ्यानं उतरले आणि शेवटी टाचा फाकवून थांबलेसुद्धा, शेकोटीपासून थोड्याच अंतरावर.

मोठ्या बाई टाळ्या वाजवत होत्या. माय उठून आली. मला वाटलं, काही म्हणेल. ती माझ्या मागे गेली आणि कासोटा हातानं चाचपून पाहिला.

"नाही सुटला," ती म्हणाली.

त्यानंतर मी आणखी काही वेळा उतरले, एकदा झाडात गेले, पण ते सगळं आता मिसळून गेलं आहे. दुपारी शेकोटीवर भाकरी गरम करून आम्ही खाल्ल्या. शिकवणाऱ्यानं ठेचा चाखला आणि बर्फ तोंडात घातला. निघताना छपरीत जाऊन मी पातळ नेसले. मायनं लुगड्याची घडी केली आणि गाठोड्यात तळाशी घातली.

जानेवारीत शाळा उघडली तेव्हा हिमालयाचा धडा होऊन गेलेला होता. मी तो पाचवीला पुन्हा घेतला. सांगितलं, की बर्फ कापसासारखा दिसतो, पण कापूस नव्हे, जड असतो, वाजतो आणि चटका देतो. एक मुलगी म्हणाली, "पण बाई, तुम्हीच तर म्हणाल्या होत्या कापूस." मी म्हटलं, "तेव्हा मी पाहिला नव्हता." मग फळ्यांवरच्या माणसाचं चित्र आलं. मुली हसायला लागल्या. मी त्यांना गुडघे कसे वाकवायचे ते उभं राहून दाखवलं. सगळा वर्ग बाकांमध्ये उभा राहून पुढे झुकला.

त्या दिवशी घरी आल्यावर मी मायला म्हटलं, "ते हिरवं लुगडं मला दे. घरी नेसत जाईन. सवय राहील." तिच्यासारखं काही आपल्याकडे असावं असं मला फार वाटत होतं, आणि ते तिला कळलंही असावं.

माय चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"देईन न," म्हणाली. "अकोल्यात बर्फ पडन त्या दिवशी देईन."